राजाचा चाकर

भाषांतराच्या व्यवहारात विशेषनामांना एक प्रकारचे अभय मिळालेले असते. वाक्यातील बाकीचे शब्द दुसऱ्या भाषेत जाताना आपला वेष उतरवून ठेवतात. नाव तेवढे अंगावरच्या वस्त्रांनिशी पलीकडे जाते. या अभयाचे मोलही त्याला द्यावे लागते. नाव पोहोचते आणि अर्थ अलीकडच्या तीरावर राहून जातो. ‘रामदास’ हे नाव परक्या लिपीत वाचणाऱ्याला त्यातील दास ऐकू येत नाही. नारायण या नावाच्या माणसाने ते का धारण केले असावे, हा प्रश्नही मग त्याला पडत नाही. हिब्रू धर्मग्रंथ मराठीत वाचणाऱ्याची स्थिती अशीच असते. त्या ग्रंथांतील नावे पुष्कळदा छोटी वाक्येच असतात आणि मूळ भाषेच्या श्रोत्याला ती तशीच ऐकू येत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून सिद्ध केलेले संपूर्ण मराठी बायबल १९२४ मध्ये प्रकाशित झाले. तेथपासून आजपर्यंतच्या भाषांतरकारांपैकी कोणीही या बाबतीत फारसे काही करू शकलेला नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्यातही अर्थ नाही.

परंतु एखादे नाव असे असते की त्याचा अर्थ हरवला तर गोष्टीचा कणाच हरवतो. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात, ३८व्या अध्यायात, जेमतेम सात वचनांपुरता एक मनुष्य येतो. पुढच्या अध्यायाच्या शेवटी त्याला उद्देशून एक निरोप सांगितला जातो आणि त्यानंतर ग्रंथाने त्याचे नाव पुन्हा घेतलेले नाही. त्याचे नाव एबद-मलेख. अर्थ अगदी सरळ आहे: राजाचा चाकर. या नावाला नाव म्हणावे काय, आणि ज्याला दुसऱ्याच्या मालकीवरून ओळखले जाते त्याच्या सत्कृत्यावर त्याची स्वतःची मालकी असते काय, हे दोन प्रश्न मला परस्परांत गुंतलेले दिसतात.

प्रसंग यरुशलेमच्या शेवटच्या वेढ्यातला आहे. बाबेलच्या नबुखद्नेस्सराचे सैन्य नगराभोवती बसले आहे. इसवी सन पूर्व ५८७ किंवा ५८६ मध्ये नगर पडणार आहे. त्याला आता फार अवकाश उरलेला नाही. यिर्मया उघडपणे सांगतो आहे की नगरात राहील तो मरेल आणि खास्द्यांकडे बाहेर पडेल तो वाचेल. युद्धकाळात असे बोलणारा माणूस कोणत्याही राज्यात देशद्रोही ठरतो. हा सैनिकांचे हात ढिले करतो, अशी तक्रार चार सरदार राजा सिद्कीयाकडे करतात. (मराठीत आपण हातपाय गाळणे म्हणतो, त्याच जातीचा हा वाक्प्रचार. लाखीश येथे १९३५ मध्ये सापडलेल्या, त्याच वेढ्याच्या सुमाराच्या खापरांवरील पत्रांतही तो आढळतो. तेव्हा तो त्या काळी लोकांच्या तोंडी असलाच पाहिजे.) राजा सांगतो की तो तुमच्या हाती आहे, तुमच्यापुढे राजाचे काही चालत नाही. सरदार यिर्मयाला पहारेकऱ्यांच्या चौकातील एका टाक्यात दोरांनी खाली सोडतात. टाक्यात पाणी नाही, नुसता चिखल आहे, आणि संदेष्टा त्या चिखलात रुतत जातो. रक्त सांडायचे नाही, हात विटाळायचे नाहीत आणि माणूस मात्र मेला पाहिजे, अशा वेळी सभ्य लोक जी युक्ती योजतात तीच ही.

ही वार्ता राजवाड्यातील एका कूशी माणसाच्या कानावर जाते. राजा तेव्हा बन्यामिनी वेशीत बसलेला असतो. हा वाड्यातून निघून थेट तेथे जातो, झाले ते वाईट झाले असे सांगतो, आणि राजा आपला निर्णय फिरवतो. माणसे बरोबर घे आणि तो मरण्यापूर्वी त्याला वर काढ, अशी आज्ञा होते. हिब्रू संहितेप्रमाणे माणसे तीस होती. काही आधुनिक भाषांतरकार तेथे तीन वाचतात. संख्या कोणतीही धरली तरी पुढे जे घडते ते त्या एकट्याने केल्यासारखेच सांगितलेले आहे.

‘राजाचा चाकर’ हे शब्द त्या काळच्या यहूदात नाव म्हणून फारसे परिचित नव्हते. पदवी म्हणून मात्र होते. १९३२ मध्ये तेल एन-नस्बेह येथील उत्खननात एक सुंदर मुद्रा मिळाली. तिच्यावर झुंजीच्या पवित्र्यातला कोंबडा कोरलेला असून ती ‘राजाचा चाकर याजन्या’ याची असल्याचे लिहिलेले आहे. म्हणजे चाकर हा शब्द तेथे लाजिरवाणा नाही. मोठा अधिकारी तो अभिमानाने आपल्या मुद्रेवर कोरतो. मात्र त्याच्या आधी त्याचे स्वतःचे नाव असते. आधी याजन्या, मग राजाचा चाकर. आपल्या या कूश्याच्या बाबतीत पुढचा अर्धा भाग गळून गेला आहे आणि केवळ नाते उरले आहे. व्याकरणाकडे बोट दाखवून अभ्यासक म्हणतात की पदवीत राजा या शब्दाला निश्चयवाचक उपपद लागते आणि येथे ते नाही, म्हणून हे विशेषनामच मानले पाहिजे. व्याकरण म्हणून हे मला मान्य आहे. पण ज्याच्या आईने त्याला दुसऱ्याच कुठल्या भाषेत हाक मारली असेल, त्याला असे नाव कोणी दिले असेल, याचे उत्तर व्याकरणात मिळत नाही.

मराठी वाचकाला या नावाचा उत्तरार्ध वस्तुतः इतका परका नाही. मलेख या शब्दाचा जो धातू तोच अरबीतून आपल्याकडे आलेल्या मालक आणि मुलूख या शब्दांत आहे. एबद आणि अब्द हे तर सख्खे भाऊच. अब्दुल मलिक हे नाव आपल्या शेजारात आजही ऐकू येते, फक्त तेथे मलिक म्हणजे परमेश्वर. दख्खनच्या इतिहासात तर दोन्ही टोके एकाच माणसात सापडतात. हबश देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झालेला मलिक अंबर १६२६ मध्ये मृत्यू पावला. मलिक म्हणजे स्वामी आणि अंबर म्हणजे एक सुगंधी द्रव्य. हबशी गुलामांना अत्तरांची, रत्नांची, कापराची नावे देण्याची मालकांची रीत होती. एका शब्दात तो सत्ताधीश आहे आणि दुसऱ्या शब्दात कोणाच्या तरी कोठारातली मोलाची वस्तू.

पूर्वार्धाचे भाषांतर मात्र आपल्याला कोड्यात टाकते. एबद हा एकच हिब्रू शब्द विकत घेतलेल्या गुलामासाठी येतो, राजाच्या मंत्र्यासाठी येतो आणि मोशेसारख्या देवाच्या निवडलेल्या माणसासाठीही येतो. मराठीने हा संसार केव्हाच वेगळा केला आहे. बाजारात विकला जातो तो गुलाम, पगारावर राबतो तो चाकर, देवापुढे वाकतो तो दास आणि सार्वजनिक कामात असतो तो सेवक. भक्तीच्या नऊ प्रकारांत दास्याला स्थान आहे. तेथे गुलामगिरी हा शब्द कोणी घालणार नाही. तरीही आपल्या परंपरेत ही भिंत एका ठिकाणी पातळ झालेली दिसते. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते, तेव्हा घरकाम करणारी बाई बोलते आहे की भक्त, हे वेगळे करता येत नाही आणि करूही नये. मी येथे ‘चाकर’ हा शब्द पसंत केला, कारण त्यात हुकूम ऐकण्याची सवय आहे आणि ‘दास’ या शब्दाला चढलेला उजाळा नाही. पण निवड केली की काहीतरी गमावते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

आता त्या चार सरदारांच्या नावांकडे पाहावे. शफाट्या: याहवेने न्याय केला. गदल्या: याहवे थोर आहे. युकाल: याहवे समर्थ आहे. चौथा पशहूर, त्याच्या बापाचे नाव मल्कीया, म्हणजे याहवे माझा राजा. ज्या टाक्यात संदेष्ट्याला सोडले त्या टाक्याचा धनीही कोणी मल्कीयाच आहे. सिद्कीया म्हणजे याहवे माझे नीतिमत्त्व. सबंध अध्याय देवाच्या नावाने दुमदुमतो आहे. न्याय, थोरवी, सामर्थ्य, राज्य, नीती, सारे काही माणसांच्या नावांत आहे आणि टाक्यात चिखल आहे. संहिताकाराला हा उपरोध जाणवला नसेल असे मला वाटत नाही. राजा जेव्हा सरदारांना आपले काही चालत नसल्याचे सांगतो, तेव्हा समर्थ असणे या अर्थाचे जे क्रियापद त्याच्या तोंडी येते, ते हिब्रूत ‘युकाल’ या नावाच्या अक्षरांनीच लिहिले जाते. याहवे समर्थ आहे असे नाव मिरवणारा समोर उभा आहे आणि राजा त्याच अक्षरांत आपली असमर्थता कबूल करतो आहे.

यांपैकी दोन नावे मातीतून वर आली आहेत. यरुशलेमच्या दावीदनगर या भागातील उत्खननात एलात मझार यांना २००५ मध्ये शलेम्याचा पुत्र युकाल याच्या आणि २००८ मध्ये, तेथून जवळच, पशहूराचा पुत्र गदल्या याच्या मुद्रेचे ठसे मिळाले. नखाएवढे मातीचे गोळे, आणि त्यांवर अक्षरे स्पष्ट. संदेष्ट्याला बुडवू पाहणाऱ्यांनी आपली नावे अशी पक्की करून ठेवली होती. त्याला वर काढणाऱ्याची मुद्रा मिळालेली नाही. त्याच्यापाशी मुद्रा असण्याचे कारणही नव्हते.

सिद्कीयाच्या नावाविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. ते त्याचे मूळ नाव नव्हे. त्याचे नाव मत्तन्या. इसवी सन पूर्व ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने त्याला यहूदाच्या गादीवर बसवले तेव्हा हे नवे नाव दिले. नाव बदलणे ही मालकीची खूण असते, आणि बाबेलच्या राजाने ती यरुशलेमच्या राजावर उमटवली. म्हणजे वेशीत समोरासमोर आलेली ही दोन माणसे आपण समजतो तितकी विषम नाहीत. एकाचे नाव उघडच चाकराचे आहे. दुसऱ्याचे नाव उदात्त असले तरी ते त्याच्या मालकाने ठेवलेले आहे. सुटकेची हकीकत वाचताना आणखी एक बारकावा लक्षात येतो. एबद-मलेख वार्ता ऐकतो तेथपासून यिर्मया वर येईपर्यंत राजाचे नाव एकदाही येत नाही. तो फक्त राजा आहे. सरदारही फक्त ‘ही माणसे’ होतात. चिखलातला संदेष्टा आणि त्याला काढणारा चाकर, अशी दोनच माणसे त्या वचनांत नावाने ओळखली जातात.

याच ग्रंथाच्या ३४व्या अध्यायात एक प्रसंग आहे. त्याच्या उजेडात ‘चाकर’ हा शब्द पुन्हा वाचला पाहिजे. वेढा चालू असताना सिद्कीयाने लोकांकडून करार करवून घेतला की प्रत्येकाने आपल्या हिब्रू दास-दासींना मुक्त करावे. नियमशास्त्राप्रमाणे ते सातव्या वर्षी सुटायचेच होते. तो नियम कोणी पाळला नव्हता, एवढेच. संकटात माणसे नीतिमान होतात. दासांना सोडण्यात आले. मग मिसरी सैन्य येत असल्याच्या बातमीने वेढा काही काळ उठला, नगराने श्वास घेतला, आणि त्याच लोकांनी त्याच दासांना पकडून पुन्हा कामाला जुंपले. यिर्मयाने यावर काढलेले उद्गार त्याच्या ग्रंथातील अत्यंत कठोर उद्गारांपैकी आहेत. त्या करारात सरदार होते, वाड्यातले खोजे होते, याजक होते. एबद-मलेख त्यात कोणत्या बाजूला होता? करार हिब्रू दासांपुरता होता. परदेशी माणसाला सुटकेचे वर्ष नव्हते. तो दिलेल्या आणि मोडलेल्या, दोन्ही वचनांच्या बाहेर होता.

तो कूशी होता, म्हणजे मिसराच्या दक्षिणेकडील नुबियाचा, काळ्या वर्णाचा. कूश हा काही केवळ गुलाम पुरवणारा प्रदेश नव्हता. त्याच्या आधी शंभर वर्षांच्या आत कूशी राजे मिसराच्या सिंहासनावर होते, आणि त्यांपैकी तिऱ्हाका याचे नाव हिब्रू ग्रंथांतही येते. त्यामुळे हा माणूस विकत घेतलेला होता की नोकरीस आलेला, हे खात्रीने ठरवता येत नाही. पण यहूदी लोकांच्या बोलण्यात कूशी म्हटले की कातडीचा रंग आधी येई, याचा पुरावा खुद्द यिर्मयाच आहे. त्याच्या ग्रंथाच्या १३व्या अध्यायात तो लोकांना विचारतो की कूश्याला आपली कातडी आणि चित्त्याला आपले ठिपके बदलता येतील काय. तसे झाले तर वाइटाला सरावलेले तुम्ही चांगले कराल. ज्याच्या कातडीचा दृष्टांत न बदलणाऱ्या दुष्टपणासाठी वापरला, त्याच्याच हातांनी हा संदेष्टा पुढे चिखलातून वर आला. ग्रंथ या दोन प्रसंगांना कोठेही जोडून दाखवत नाही. संदेष्ट्याला तो दृष्टांत नंतर आठवला असेल काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पुढील काळच्या रब्बींनाही या रंगाने अडखळवले. तालमूदातील मोएद कातान या प्रकरणात एक चमत्कारिक अर्थ दिलेला आहे. त्याप्रमाणे कूशी हा शब्द चाकराला लागू नसून राजाला आहे. कूशी जसा कातडीने वेगळा, तसा सिद्कीया कृत्यांनी वेगळा. म्हणजे ‘कूशी’ राजाचा चाकर. वेगळेपणा हे येथे भूषण ठरवले आहे आणि रब्बींचा हेतू चांगला होता, पण या वाचनात खरा कूशी नाहीसाच होतो. त्याचा रंग गौरवासाठी राजाला दिला जातो. त्याच परंपरेतील दुसऱ्या एका छोट्या ग्रंथाने मात्र मृत्यूवाचून नंदनवनात गेलेल्यांच्या यादीत हनोख आणि एलिया यांच्यासोबत कूशी एबद-मलेखाचे नाव घातले आहे. परंपरा मोठी असते तेव्हा तिच्यात असा विसंवाद राहतोच, आणि तो राहू देण्यात तिचे मोठेपण असते.

वेशीतल्या त्या बोलण्याकडे आता वळू. हिब्रू संहितेत एबद-मलेख म्हणतो की या माणसांनी संदेष्ट्याशी दुष्टपणा केला आहे. तो तेथे उपासमारीने मरेल, कारण नगरात भाकर उरलेली नाही. तर्काच्या दृष्टीने हे लंगडे आहे. नगरातच भाकर नसेल तर टाक्यातून वर येऊन तरी काय खाणार? पण दरबारी माणसाचे बोलणे तर्काने जोखू नये. राजाने अनुमती दिली होती, ही गोष्ट तो शिताफीने बाजूला ठेवतो आणि दोष ‘या माणसांवर’ टाकून राजाला माघार घेण्याची वाट मोकळी करतो. प्राचीन ग्रीक भाषांतरात मात्र याच ठिकाणी भलताच पाठ आहे. तेथे तो राजालाच उद्देशून बोलतो की, तू हे दुष्ट कृत्य केलेस, तू या माणसाला मारू पाहतोस. एक मुत्सद्दी चाकर आणि एक निर्भीड चाकर, अशी दोन माणसे आपल्या हाती आली आहेत. कोणता पाठ मूळचा यावर विद्वानांनी वाद घालावा. नैतिक विचाराला दोन्ही उपयोगाचे आहेत.

आजचा वाचक बहुधा ग्रीक पाठाकडे झुकेल. आपल्याला सत्तेपुढे ताठ उभा राहणारा माणूस हवा असतो. परवानगी मागून केलेले सत्कर्म आपल्याला अर्धे वाटते. शिवाय यिर्मया मुक्त होतच नाही, टाक्यातून निघून पहारेकऱ्यांच्या चौकात कैदीच राहतो. व्यवस्था आहे तशीच राहिली, असा आक्षेप कोणी घेतला तर तो खोटा म्हणता येणार नाही. पण त्या वेशीचा विचार करा. वेस ही न्यायाची जागा होती. याच बन्यामिनी वेशीत यिर्मयाला पूर्वी फितूर म्हणून धरण्यात आले होते. सरदारांचे काम आतल्या आत, अंधारात उरकलेले होते. हा माणूस वाड्यात, राजा एकटा असताना, कानाशी लागण्याची संधी शोधत बसत नाही. चार माणसे ऐकत असतील अशा ठिकाणी विषय काढतो. शब्द हिब्रू पाठातले मवाळ धरले तरी जागा मवाळ नव्हती. यापूर्वीच्या अध्यायात म्हटले आहे की राजाने आणि त्याच्या चाकरांनी यिर्मयाचे ऐकले नाही. आता ‘राजाचा चाकर’ ऐकतो, असे वाक्य येते. मूळ भाषेत दोन्हीकडे चाकर शब्द तोच आहे आणि ऐकण्याचे क्रियापदही तेच.

रोमन तत्त्ववेत्ता सेनेका याने उपकारांवरील आपल्या ग्रंथात विचारले आहे की गुलाम धन्यावर उपकार करू शकतो काय. तोवरचा सामान्य समज असा की गुलाम जे करतो ती नुसती चाकरी; देण्यासारखे त्याचे स्वतःचे काही नसल्यामुळे त्याचे देणे देणे ठरत नाही. ॲरिस्टॉटलने तर गुलामाला जिवंत हत्यार म्हटले होते. सेनेका म्हणतो की आज्ञेची हद्द जेथे संपते तेथून पुढे गुलाम जे करील ते त्याचे स्वतःचे आहे. मला हा निकष एबद-मलेखाच्या गोष्टीला तंतोतंत लागू पडतो असे दिसते, कारण या गोष्टीत आज्ञेची हद्द अगदी रेघ मारून दाखवता येते.

राजाची आज्ञा होती: वर काढ. ती पाळायला दोर पुरेसे होते. सरदारांनीही दोरच वापरले होते. खाली सोडण्याचे आणि वर ओढण्याचे साधन एकच. पण एबद-मलेख दोर घेऊन थेट टाक्याकडे जात नाही. तो आधी वाड्यातील भांडाराखालच्या खोलीत जातो आणि तेथून जुनेर गोळा करतो: फाटके-विटके कपडे, चिंध्या. मग टाक्याच्या काठावर येऊन ते खाली टाकत नाही, कारण चिखलात पडून भिजलेले जुनेर काय कामाचे. दोरांना बांधून ते संदेष्ट्याच्या हाताशी पोहोचवतो. आणि सांगतो की हे काखेत घाल, दोरांच्या आत. उपाशी, म्हातारपणाकडे झुकलेला, चिखलाने जड झालेला देह दोराने ओढायचा तर काखा सोलून निघतील, हे त्याने आधीच मनात पाहिलेले होते. राजाने हे सांगितले नव्हते. तसे केले नसते तर आज्ञाभंग झाला नसता, आणि संदेष्टा तरीही वाचला असता.

कोणत्या खोलीत कोणते जुनेर पडलेले असते, हे सरदारांना ठाऊक असण्याची शक्यता नाही. दोर अंगाला कसा काचतो, हेही त्यांना ठाऊक नसावे. ही माहिती चाकराची आहे. राबण्यातून आलेली आहे. ज्या जगण्याने त्याचे नाव पुसून टाकले, त्याच जगण्याने त्याला हे शिकवले होते. नाव त्याचे नव्हते, हात राजाचे होते, दोर राजाचे, जुनेरही राजाच्याच भांडारातले. काखेचा विचार मात्र त्याचा होता.

३९व्या अध्यायात यिर्मयाच्या मुखाने त्याला निरोप मिळतो. नगर नष्ट होईल, पण ज्या माणसांची तुला भीती वाटते त्यांच्या हाती तू सापडणार नाहीस. तुझा जीव तुला लूट म्हणून मिळेल. पराभूत सैनिक रणांगणावरून रिकाम्या हाताने परततो तेव्हा स्वतःचा जीव हीच त्याची लूट, असा हा खिन्न आणि काहीसा विनोदी वाक्प्रचार आहे. पण माझे लक्ष भीतीच्या उल्लेखाने वेधले जाते. वेशीत तो बोलत होता, भांडाराखाली चिंध्या शोधत होता, तेव्हा तो भ्यालेला होता, हे आपल्याला इतक्या उशिरा कळते. सिद्कीयाही भ्यालेला होता आणि ते त्याने यिर्मयाजवळ बोलूनही दाखवले: खास्द्यांकडे आधीच गेलेले यहूदी आपली टवाळी करतील अशी त्याला भीती होती. त्या भीतीने त्याने शहाणपणाचा सल्ला ऐकला नाही. रिब्ला येथे त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलांचा वध झाला आणि नंतर त्याचे डोळे काढण्यात आले.

एबद-मलेखाला मुले नसावीत. संहितेने त्याच्यासाठी ‘सारीस’ हा शब्द वापरला आहे. त्याचा अर्थ दरबारी अधिकारी असाही होतो, पण खोजा हा अर्थ अधिक रूढ आहे. ज्या समाजात नाव मुलांमधून पुढे चालते, तेथे खोजाचे नाव त्याच्याबरोबर संपते. अनुवादाच्या ग्रंथातील एक नियम तर अशा माणसाला देवाच्या मंडळीत प्रवेशच नाकारतो. यशयाच्या ५६व्या अध्यायात मात्र खोजांना एक वचन दिलेले आहे: देवाच्या मंदिरात, त्याच्या भिंतींच्या आत, त्यांना स्मारक आणि नाव मिळेल, पुत्रकन्यांहून उत्तम असे नाव. स्मारक आणि नाव यांसाठी मूळ शब्द ‘याद वाशेम’ असे आहेत. नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये यरुशलेमात जी संस्था स्थापन झाली, तिने हेच शब्द घेतले. एका खोजाला दिलेले नावाचे वचन अशा रीतीने ज्यांची नावे घ्यायला घरी कोणी उरले नाही त्यांच्याकडे गेले.

एबद-मलेखाच्या नावाचे पुढे काय झाले, हे मात्र वेगळेच आहे. इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांत रचलेल्या, यिर्मयाची उर्वरित हकीकत सांगणाऱ्या एका ग्रीक कथेत तो पुन्हा भेटतो. नगराचा नाश त्याला पाहावा लागू नये म्हणून यिर्मया त्याला अंजिरे आणायला बाहेर पाठवतो. उन्हाच्या वेळी तो एका झाडाखाली डोके टेकतो आणि ६६ वर्षे झोपतो. जागा होतो तेव्हा टोपलीतील अंजिरे ताजी आहेत, त्यांतून चीक गळतो आहे. नगर मात्र त्याला ओळखू येत नाही. या कथेत त्याचे नाव अबीमलेख असे झाले आहे. लेखनिकाच्या हातून थोडी अक्षरे बदलली असतील, किंवा कोणाला जुने नाव अशा सज्जनाला शोभेनासे वाटले असेल. अबीमलेख म्हणजे ज्याचा बाप राजा आहे तो. चाकराचा मुलगा झाला. कथा सांगणाऱ्यांचे प्रेम मला समजते, तरी मी जुन्याच नावाने त्याला ओळखतो. चिंध्या कोठे ठेवलेल्या असतात हे राजाच्या मुलाला ठाऊक नसते.